देगूचा विश्वास कसा मिळवावा: कोकणातल्या घरासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आमच्या ओटीवर येणारा पाहुणा पिंजऱ्याकडे पाहून हमखास विचारतो, “खार पाळलीत काय?” ही गफलत जुनी आहे. चिलीचा अभ्यासक हुआन इग्नासिओ मोलिना याने १७८२ साली देगूचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्यानेही त्याला खारींच्याच गटात बसवले होते. प्रत्यक्षात देगू हा गिनीपिग आणि चिंचिला या दक्षिण अमेरिकेतल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा भाऊबंद आहे. मध्य चिलीतील कोरड्या, झुडपी माळरानात तो जमिनीखाली बिळे करून कुटुंबकबिल्याने राहतो, दिवसा जागा असतो, आणि सकाळच्या कोवळ्या आणि संध्याकाळच्या उतरत्या उन्हात सर्वांत अधिक हिंडतो. पूर्ण वाढलेल्या देगूचे वजन साधारण १७० ते ३०० ग्रॅम भरते, आणि नीट सांभाळ झाला तर तो ५ ते ८ वर्षे सोबत करतो.

त्या माळरानावर त्याला जमिनीवरून कोल्ह्याचे आणि आकाशातून शिकारी पक्ष्यांचे भय असते. त्यामुळे वरून अंगावर येणारी कोणतीही वस्तू त्याच्या लेखी घारीची झडप असते, मग ती वस्तू म्हणजे प्रेमाने पुढे केलेला मालकाचा हात का असेना. देगूशी जवळीक साधण्याबाबत मला जे सांगायचे आहे ते सारे याच गोष्टीतून निघते: आपल्यातले अंतर कमी करण्याचे काम देगूचे आहे, ते कमी करणे त्याला निर्धोक वाटावे अशी व्यवस्था लावणे एवढेच आपले काम आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या जांभ्या दगडाच्या घरात बोंडू आणि चिवा हे दोन भाऊ आले, तेव्हा मला हे कळले नव्हते, आणि त्याची किंमत चिव्याने मोजली. तो प्रसंग पुढे येईलच.

आणण्यापूर्वी

देगू एकटा कधीही आणू नये. एकटा ठेवला तर तो माणसाला अधिक लवकर चिकटतो, असा एक समज आहे, पण एकट्या देगूचा बराच वेळ पहारा करण्यातच जातो. सोबती जवळ असला की एक खातो आणि दुसरा कानोसा घेतो, आणि त्या निश्चिंतीतूनच माणसाबद्दलचे कुतूहल जागे होते. एकाच वेतातले दोन भाऊ किंवा दोन बहिणी ही सर्वांत सोयीची जोडी. नर-मादी ठेवल्यास पिलांची रांग लागते, आणि कोकणात देगूंना चांगली घरे मिळणे सोपे नाही.

पिंजरा लोखंडी असावा, कारण लाकूड आणि प्लॅस्टिक त्यांच्या दातांपुढे टिकत नाही. दोघांसाठी लांबी आणि उंची प्रत्येकी एक मीटरच्या आसपास आणि खोली अर्धा मीटर, एवढी जागा मी किमान मानतो. आतले मजले जाळीचे असतील तर त्यांवर फरशी किंवा फळी टाकावी, अन्यथा तळपायांना जखमा होतात. धावण्याचे चाक अखंड पृष्ठभागाचे आणि ३० सेंटीमीटरच्या आसपास व्यासाचे असावे. लपण्यासाठी एक साधे मातीचे मडके आडवे ठेवावे. ते आतून गार राहते, कुरतडले तरी अपाय होत नाही, आणि त्यात दोघे एकमेकांवर रेलून झोपतात. जनावर जेव्हा हवे तेव्हा लपू शकते, तेव्हाच ते बाहेर येण्याचे धाडस करते. म्हणून मडक्याच्या तोंडात हात घालून त्याला कधीही बाहेर काढू नये. हा नियम घरातल्या लहान-मोठ्या सर्वांनी पाळावा.

पिंजरा कोठे ठेवायचा हे ठरवताना कोकणातल्या घराची रचना लक्षात घ्यावी. पडवीत मांजरे, मुंगूस, घुशी आणि अधूनमधून धामण यांचा वावर असतो. रात्री कौलांच्या फटीतून उतरलेला उंदीर पिंजऱ्याभोवती नुसता फिरून गेला, तरी दुसऱ्या दिवशी देगू बावरलेले दिसतात. शिवाय आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचे भय असल्यामुळे उंदराचे मूत लागलेले गवत त्यांच्या आणि आपल्याही जिवाशी येऊ शकते. त्यामुळे पिंजरा माजघरात किंवा आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, माणसाच्या कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ठेवावा. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील देगूला प्रत्येक माणूस आभाळातून उतरल्यासारखा वाटतो.

हवामानाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. देगूच्या मुलखात, चिलीची राजधानी सॅंटियागोच्या परिसरात, वर्षाला सरासरी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो; रत्नागिरीत एका पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक. तिशीच्या वर गेलेले तापमान देगूला सोसत नाही आणि आपला दमटपणा तर मुळीच मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये खोली थंड ठेवण्याची, आणि जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कमी करण्याची सोय नसेल, तर देगू आणू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. उकाड्याने कासावीस झालेले जनावर निपचित पडून राहते. नवखा माणूस त्याला “माणसाळला” असे समजतो आणि उचलायला जातो. पिंजऱ्यात कडाप्प्याचा एक तुकडा कायम ठेवावा, म्हणजे दुपारी त्यावर पोट टेकून ते पडतात.

याच तयारीत ससे आणि गिनीपिग यांच्यावर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून ठेवावा. जिल्ह्यात न मिळाल्यास मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर येथे चौकशी करावी. आजार झाल्यावर शोध सुरू करण्याइतका वेळ हा लहान जीव देत नाही.

पहिला आठवडा

पहिले तीन दिवस गवत, खाद्य आणि पाणी देण्यापलीकडे काहीही करू नये. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना सुती चादर लावावी, घरात नेहमीचे आवाज चालू द्यावेत, आणि पाहुण्यांना काही दिवस थांबवावे.

चौथ्या दिवसापासून सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसावे. पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण वेळ चुकवू नये. या वेळी त्यांच्याकडे टक लावून पाहू नये. मान वळवून दुसरेच काहीतरी करावे. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे, माझी आई तांदूळ निवडत असे. सुपातल्या तांदळांच्या सळसळीला ते आधी दचकत, पुढे तोच आवाज ऐकून पुढच्या मजल्यावर येऊन बसू लागले. बसताना आणि उठताना एकच ठरावीक हाक द्यावी. आमची हाक “या रे” एवढीच आहे. खाद्य देतानाही तीच, नंतर हात पुढे करतानाही तीच.

देगूंचे जग वासांचे आहे. ते मूत्राने आपल्या वाटा आखतात, आणि माणसाला न दिसणारे अतिनील किरण त्यांच्या डोळ्यांना दिसत असल्यामुळे ताज्या मूत्राची खूण त्यांना नजरेनेही कळते. आठवड्याची स्वच्छता करताना सारा पिंजरा साबणाने लख्ख धुतला, की त्यांचा लिहून ठेवलेला सगळा पत्ता पुसला जातो आणि ते पुन्हा पहिल्या दिवसासारखे वागू लागतात. म्हणून अर्धेच अंथरूण बदलावे आणि जुन्यातले दोन मुठी कोरडे गवत परत घालावे. आपला वास त्यांच्या ओळखीचा व्हावा यासाठी दिवसभर खिशात वागवलेला साधा सुती रुमाल आपल्या बैठकीच्या वेळी पिंजऱ्यात ठेवावा आणि उठताना काढून घ्यावा. मागे ठेवल्यास त्याचे धागे पोटात जाण्याची भीती असते.

हात दारापाशी

ते आपल्या समोर पाठ करून खाऊ लागले, किंवा अंग चाटूनपुसून साफ करू लागले, म्हणजे पुढच्या टप्प्याची वेळ झाली. याला कोणाकडे पाच दिवस लागतात, कोणाकडे महिना. दिनदर्शिकेपेक्षा जनावराची पाठ पाहावी.

हात आधी धुवावेत, आणि तेही उग्र वासाच्या साबणाने नव्हे. तळलेल्या बांगड्याचा वास असलेल्या बोटांपासून ते दूर पळतात. मे महिन्यात हापूसचा रस लागलेली बोटे मात्र ते सरळ चावून पाहतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. मग तळवा वर करून, हात समोरून किंवा बाजूने, दाराच्या उंबऱ्यावर टेकवावा आणि तेथेच राहू द्यावा. कोपर कशावर तरी टेकलेले असावे, कारण दमलेला हात थरथरतो आणि थरथरणारा हात त्यांना आवडत नाही. सुरुवातीला तळव्याऐवजी नारळाची करवंटी हातात धरावी, तिच्यात चिमूटभर ओट्स टाकावेत. करवंटीतून खाणे सवयीचे झाले की खाद्य करवंटीच्या काठावर, मग बोटांवर, आणि शेवटी तळव्याच्या मध्यावर आणावे.

खाऊ कोणता द्यावा, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग आहे. देगूचे इन्सुलिन इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळे आणि कमी प्रभावी असल्यामुळे त्याला साखर सोसत नाही. गोड खाण्याने मधुमेह होतो, आणि मधुमेहापाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. आंबा, फणस, केळे, चिकू, गूळ, बिस्किट यांतले काहीही, अगदी नखाएवढेही, देऊ नये. कोकणात हे पाळणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे, कारण घरी आलेल्याला फोड पुढे केल्याशिवाय आपल्याकडे पाहुणचार पुरा होत नाही. आमच्या आत्येने एकदा आंब्याची फोड जाळीजवळ नेलीच होती. तिला मी बाजूला बसवून बोंडूला जास्वंदीची पाकळी द्यायला शिकवले, आणि आता ती येताना आपल्या कुंपणाची फुलेच घेऊन येते. जास्वंदीच्या सुकवलेल्या पाकळ्या हा देगूंचा अत्यंत आवडता आणि निर्धोक खाऊ आहे. फवारणी न केलेल्या झाडाची फुले घ्यावीत, उन्हात खडखडीत वाळवावीत, आणि पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवावीत. ओट्सचे चार-पाच दाणे, क्वचित भोपळ्याची एखादी बी, कोथिंबिरीची काडी, एवढ्यावर भागते. रोजचे पोट मात्र वाळलेल्या गवतानेच भरले पाहिजे. काजू स्निग्ध असल्यामुळे तोही वर्ज्य.

चिव्याचे पाय माझ्या तळव्यावर प्रथम पडले ती संध्याकाळ तेविसाव्या दिवसाची होती. बोंडू आधीच पाकळी पळवून वर गेला होता. चिवा उंबऱ्यावर आला, मागचे दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवून त्याने मान इतकी लांबवली की त्याचे सारे अंग दोरीसारखे ताणले गेले. मिशा माझ्या अंगठ्याला लागल्या, थांबल्या, पुन्हा लागल्या. मग एक पुढचा पाय तळव्यावर आला. तो गार होता आणि त्याला जवळजवळ वजनच नव्हते. दुसरा पाय आला तेव्हा त्याचे पातळ, मोठे कान माझ्याकडे न वळता बाजूला सैल पडले. त्याने पाकळी तेथेच, दोन्ही हातांत धरून, सावकाश खाल्ली. अशा वेळी बोटे मिटण्याचा मोह फार होतो. ती मिटू नयेत.

त्याचे बोलणे ऐकणे

देगू फार बोलका प्राणी आहे, आणि त्याचे आवाज न ओळखता पुढे जाणे म्हणजे डोळे मिटून चालणे. मऊ, चढउताराची किलबिल ही समाधानाची. माता पिलांना पाजतानाही अशीच गुणगुणते. एकच तीक्ष्ण चीत्कार आणि पाठोपाठ सर्वांची धावपळ म्हणजे धोक्याची सूचना. कारण शोधावे, आणि तोवर स्थिर बसावे. दातांचा कटकट आवाज आणि फळीवर सळसळणारी शेपटी ही “पुरे” असे सांगण्याची रीत आहे, आणि ती मानून हात काढून घेतला तर चावण्याची वेळ येत नाही. आपण थांबतो हे एकदा कळले की तो पुढच्या वेळी अधिक जवळ येऊ देतो.

बोटांवरचे दात दोन प्रकारचे असतात. भराभर, हलके, न टोचणारे कुरतडणे म्हणजे तो आपल्याला आपल्या सोबत्यासारखे साफ करीत आहे. घट्ट, खोल आणि एकदाच केलेला चावा भीतीचा असतो. असा चावा बसला तर हात झटकू नये, ओरडू नये, त्याच्या तोंडावर फुंकर मारू नये. हात हळूच खाली टेकवून तो सोडेपर्यंत थांबावे, जखम साबणाने धुवावी, आणि दुसऱ्या दिवशी एक टप्पा मागे जाऊन सुरुवात करावी.

स्पर्श आणि उचलणे

तळव्यावर बसून खाणे रोजचे झाल्यावर, दुसऱ्या हाताचे एक बोट बाजूने नेऊन छातीच्या कडेला किंवा कानामागे खाजवावे. पाठीवर वरून हात फिरवणे बरेच नंतर. काखेजवळ खाजवल्यावर बहुतेक देगू पुढचा हात वर उचलून धरतात, जणू आणखी जागा करून देतात, आणि डोळे अर्धे मिटतात. पाच सेकंद खाजवून थांबावे. त्याने बोटाकडे अंग वळवले तर पुन्हा. वळवले नाही तर त्या दिवशी तेवढेच.

उचलण्यापूर्वी त्याला आपण होऊन हातावरून हिंडू द्यावे. पिंजऱ्याच्या दारातून कोपरापर्यंत पूल करावा, खांद्यापर्यंत येऊ द्यावे, परत जाऊ द्यावे. त्यानंतरच, जमिनीवर बसून, दोन्ही हातांची ओंजळ बाजूंनी त्याच्या पोटाखाली सरकवावी आणि लगेच छातीशी धरावे. शेपटीला कोणत्याही कारणाने धरू नये. देगूच्या शेपटीची कातडी शत्रूच्या तोंडात सुटून यावी अशीच घडलेली आहे. ती मोज्यासारखी निघून येते, आत हाड उघडे पडते, आणि गेलेला भाग पुन्हा कधीही येत नाही. घरात मुले असतील तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.

माझी चूक येथेच झाली. सहाव्या आठवड्यात, जूनच्या एका संध्याकाळी, दोघे खोलीत मोकळे असताना वीज गेली आणि वाऱ्याने खिडकी आपटली. चिवा कपाटामागे शिरेल या धास्तीने मी त्याला वरून झडप घालून पकडले. शेपटी वाचली, पण तो किंचाळला, आणि पुढचे सोळा दिवस माझा हात दिसताच मडक्यात जाऊन बसला. मी पुन्हा करवंटीपासून सुरुवात केली. तेव्हापासून खोलीत नेहमी एक जाड पुठ्ठ्याची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी पडलेली असते. रोज तिच्यात एक पाकळी टाकतो. अडचणीच्या वेळी देगू आपणच नळीत शिरतो, दोन्ही टोकांना तळवे लावून त्याला न दुखवता पिंजऱ्यात नेता येते, आणि पशुवैद्याकडे जातानाही तीच उपयोगी पडते.

मोकळे सोडण्याच्या खोलीत विजेच्या तारा, कपाटामागची फट आणि कौलाकडे जाणारी वाट आधी बंद करावी. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर खाऊ द्यावा, म्हणजे वजन आपसूक नोंदवले जाते. त्याच वेळी दात पाहावेत: निरोगी देगूचे पुढचे दात गडद नारिंगी असतात, आणि ते फिके पडू लागले तर पशुवैद्याला दाखवावे. वजन उतरले किंवा वागणे अचानक तुटक झाले, तर रुसला असे न समजता तपासणी करून घ्यावी.

धुळीची आंघोळ, पाऊस आणि गणपती

देगूंना अंग स्वच्छ ठेवण्यासाठी चिंचिलांसाठी विकत मिळणाऱ्या बारीक धुळीत लोळावे लागते, आणि एकाच जागी आळीपाळीने लोळून ते एकमेकांचा वासही अंगाला लावून घेतात. ही परात रोज एकाच वेळी आपल्या हातानेच ठेवावी. आपल्यासमोर उताणे होऊन लोळणे ही विश्वासाची मोठी खूण आहे. समुद्रकाठची वाळू मात्र वापरू नये, कारण ती जाड, खारट आणि ओलसर असते. टाल्कम पावडरही नको. पावसाळ्यात धूळ दमट होऊन गोळे धरते, म्हणून पंधरा मिनिटांनी परात काढून हवाबंद डब्यात रिकामी करावी. गवतालाही या दिवसांत बुरशी लवकर येते. मूठभर हातात चुरडून हुंगावे; कुबट वास आला की ती पेंढी गुरांनाही न घालता फेकून द्यावी.

पत्र्यावर कोसळणाऱ्या पहिल्या पावसाचा आवाज त्यांना नवा असतो. त्या आठवड्यात नवा टप्पा सुरू करू नये, फक्त जवळ बसून नेहमीची हाक देत राहावे. गणपतीत झांजा, ढोलकी, फटाके आणि माणसांची वर्दळ सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधीच पिंजरा सर्वांत आतल्या खोलीत हलवावा, म्हणजे जागा बदलणे आणि गोंगाट हे दोन्ही धक्के एकदम बसत नाहीत. मुंबईहून आलेल्या भाच्यापुतण्यांना “हातात द्या ना” असे वाटणारच. त्यांना करवंटी धरून बसू द्यावे, पण उचलून देऊ नये.

घर सोडून बाहेरगावी जायचे असेल, तर शेजारच्या ज्या व्यक्तीवर सांभाळ सोपवायचा तिला किमान पंधरा दिवस आधीपासून संध्याकाळच्या बैठकीत शेजारी बसवावे. पहिले काही दिवस आपण हाक द्यावी आणि खाऊ तिने द्यावा, मग हाकही तिने द्यावी. काय घालायचे यापेक्षा काय घालायचे नाही याची यादी मोठ्या अक्षरात पिंजऱ्यावर चिकटवावी, पशुवैद्याचा क्रमांक तिच्याखाली लिहावा, आणि जाताना खिशातला रुमाल तिच्याकडे देऊन ठेवावा, म्हणजे रोज संध्याकाळी तेवढा वेळ तो पिंजऱ्यात ठेवता येईल.